न सापडलेली नळी

शरीरशास्त्र विभागात सगळे त्यांना कापवाल्या बाई म्हणत. मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चढवायचे, रंगवायचे, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या.

मग नवे सर आले. अॅक्युपंक्चरच्या सुया ज्या रेषांवर टोचतात, त्या रेषांच्या जागी शरीरात खरीखुरी नळी असलीच पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. देहदानातून आलेल्या हातांमधले, सुईच्या जागेखालचे तुकडे बाईंच्या टेबलावर येऊ लागले.

"बाई, अजून थोडे पातळ."

"सर, याहून पातळ केले तर काचेवर काही उरणारच नाही."

तीन वर्षं हेच. बाईंच्या नाकी नऊ आले. एका सकाळी सर धावतच आले; भिंगाखाली निळसर, लांबलचक धागा दिसला होता. बाईंनी डोळा लावला.

"कापूस आहे, सर. पुसायच्या कापडाचा."

सर दोन दिवस तीच काचपट्टी पुन्हा पुन्हा बघत राहिले. तिसऱ्या दिवशी बाईंनी चाळीस काचपट्ट्या त्यांच्यासमोर मांडल्या. निम्म्या सुईच्या जागेच्या, निम्म्या भलत्याच जागांच्या. चिठ्ठ्या झाकलेल्या.

"ओळखा."

सरांचे एकोणीस बरोबर आले. पुन्हा केलं, तेव्हा एकवीस.

"बघा, वाढले," सर म्हणाले.

"डोळे मिटून सांगितलं असतंत तरी एवढे आले असते, सर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

घरी वेगळाच ताप. थोरली बहीण गुडघ्याला सुया टोचून घेत होती. "सापडली का गं तुझ्या सरांची नळी? माझा गुडघा तर आता दुखत नाही."

"ताई, गुडघा बरा झाला म्हणून नळी असतेच असं नाही."

"मग कशानं बरा झाला?"

बाई वैतागून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

शेवटी सरांनी शोधनिबंध लिहिला: वेगळी नळी आढळली नाही, स्नायूंमधलं आवरण काही बिंदूंखाली जाड दिसलं, पण तसं ते इतरत्रही दिसलं. एकही शब्द सारवासारवीचा नव्हता. बाईंना त्यांनी तो आधी वाचून दाखवला. बाईंना बरं वाटलं, पण जेमतेम आठवडाभर.

"बाई, पाय राहिलेत आपले बघायचे."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "काढीन काप. पण या वेळी चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून झाकलेल्या. आणि कुठली पट्टी कुठल्या जागेची, ती यादी माझ्याकडे."

सरांनी मान डोलावली.