दोन चुळा, मग वस्तरा

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधून झालं, की जानरावकाका दुकानाबाहेर निघून जायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला कोणी हाक मारली की काय. ते जायचे नालीपाशी. तिथे दोन विटांवर पितळी तांब्या ठेवलेला असायचा, त्यात तुरटी फिरवलेलं पाणी. त्यातून दोन चुळा भरायचे. पहिली साधी, पण दुसरी गालातल्या गालात अशी खळखळवायचे की माझ्या काउंटरपर्यंत ऐकू यायची. मग मिशा पुसत आत येऊन वस्तऱ्यात नवं पातं घालायचे. दाढीला बसलेला माणूस सरपंच असो की सालदार, दोन चुळा झाल्याशिवाय काका त्याच्या तोंडावर वाकत नसत.

केनवडच्या बाजारात त्यांचं कटिंगचं दुकान आणि माझं मेडिकल, दोघांच्या मध्ये एक भिंत. मी नवा होतो तेव्हा त्यांना विचारलं होतं, "काका, हरेक दाढीले चूळ कायले भरता?"

"अरे गजा, वकील टेबलाच्या पल्याडून बोलते, मास्तर फळ्यापासून बोलते. माह्यं तोंड गिऱ्हाइकाच्या नाकावर येते. ते बिचारं मान वर करून बसेल रायते, पयून बी जाऊ शकत नाई."

एवढ्या चुळा भरायला कारणही होतं. तरुणपणापासून त्यांना तंबाखूची सवय होती. दुकान उघडं असेपर्यंत चिमूटभरसुद्धा तोंडात टाकत नसत, पण संध्याकाळी शटर ओढलं की डबी निघायची. ती लाज ते दिवसभर धुऊन काढायचे, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मी नुसता हसायचो.

त्यांच्या बोटांना जे कळायचं ते भल्याभल्यांना कळत नसे. माझे बाबा खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी सकाळपासून त्यांच्या गालात असायची. एका बाजारच्या दिवशी ते दाढीला बसले. डावा गाल झाला. उजवा गाल अंगठ्याने ताणला आणि काकांचा वस्तरा थांबला.

"दादा, आ करा."

"दाढी कर न बावा, दात काढाले नाई आलो मी."

"आ करा म्हन्तो न."

बाबांनी कसंबसं तोंड उघडलं. त्यात दोन बोटंही आडवी जाईनात. काकांनी वस्तरा मिटला, साबण पुसला आणि म्हणाले, "गाल लाकडावानी कडक झाला तुमचा. वाशीमले जाऊन दाखवा. दुसरा गाल तुमी आल्यावर." बाबा खूप ओरडले. बाजारभर लोक हसले. शेवटी तोंडाला दुपट्टा गुंडाळून, अर्ध्या दाढीने, एसटीत बसून बाबा वाशीमला गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता खर्रा सोडलात तर निभावेल. बाबांनी सोडला. ते आज सत्तरीत आहेत आणि ज्वारीची भाकर चावून खातात. डी.फार्म.ची पदविका भिंतीला टांगून मी त्यांच्या शेजारी रोज जेवायला बसत होतो, मला काही दिसलं नव्हतं.

त्या उपकाराची फेड म्हणून मी काकांना माऊथवॉशची पहिली बाटली दिली. कसं वापरायचं तेही सांगितलं. आधी ब्रश, मग झाकणभर औषध, अर्धा मिनिट तोंडात फिरवायचं, गिळायचं नाही, नंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही. काकांनी ते पूजेसारखं पाळलं. दुकान उघडलं की भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत, गाल फुगवून उभे राहायचे. खुर्चीतलं गिऱ्हाईकही मुकाट्याने काट्याकडे बघत बसायचं. थुंकून आले की म्हणायचे, "चुळीची दवाई हाय. आता बोल, काय म्हन्त होता?" ती हिरवी बाटली त्यांनी आरशापुढे, पावडरच्या डब्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. तुरटीचा तांब्या मात्र सुटला नाही. "हे तुह्या कंपनीचं, ते माह्या बापाचं," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, त्यांच्या तोंडाला वास यायला लागला. मी दाढीला त्यांच्याकडेच जायचो. ते वाकले की माझी मान आपोआप वळायची. एकदा काकांचा हात थांबला. ते बाहेर जाऊन आणखी दोन चुळा भरून आले. पुढच्या आठवड्यापासून मी घरीच दाढी करू लागलो. "वेळच भेटत नाई, काका," म्हणालो. दोन दुकानांमध्ये एक भिंत, आणि मला म्हणे वेळ भेटत नव्हता. काकांनी मान हलवली. खोटं त्यांना कळलं होतं आणि त्यांना कळल्याचं मला कळलं होतं. तरी आम्ही दोघं रोज एकमेकांना रामराम घालत होतो.

दोन महिने पुरणारी बाटली पंधरा दिवसांत संपायला लागली. काका काउंटरवर येऊन उभे राहायचे.

"गजा, याच्यापेक्षा कडक नाई का रे?"

मी कडक दिली. तीही संपली. मग आणखी एक. त्या वेळी मी मोबाइलवर मालाची यादी भरत होतो. मान वर न करता विचारलं, "झोंबते का?"

"झोंबते. एकाच बाजूनं झोंबते."

"पानी टाकून घ्या थोडं," मी म्हणालो.

ते तिथेच उभे राहिले. त्यांचा हात काउंटरच्या काचेवर होता, तो अजून मला दिसतो. वस्तरा धरून अंगठ्याच्या बाजूला घट्टा पडलेला हात. शेवटी बाटली धोतराच्या सोग्यात घेऊन गेले. एकाच बाजूने झोंबतं म्हणजे त्या बाजूला जखम आहे, हे कळायला पदविका लागत नाही. आणि माझ्याकडे तर ती होती. मला त्या वेळी एवढंच हवं होतं की वास जावा.

पाच महिने असे गेले. खुर्ची रिकामी राहायला लागली. लोक बसस्टँडजवळच्या नव्या सलूनात जायला लागले. बाबांनी मात्र जानराव सोडला नाही. एक दिवस भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, "गजा, इकडे ये, बॅटरी घेऊन."

मी गेलो. बाबा खुर्चीत बसलेले, डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर साबण. काका वस्तरा घेऊन खाली मान घालून उभे.

"हा एका बाजूनं बोलून राह्यला," बाबा म्हणाले. "म्या म्हटलं, आ कर. त नाई म्हन्ते. आता मी दुसरा गाल करू देत नाई. बसतो इथंच."

"दादा, गिऱ्हाइकाचं काम हाय का हे?" काका पुटपुटले.

"माह्या वेळेले तुह्यं काम होतं का?"

काकांनी वस्तरा मिटला आणि तोंड उघडलं. मी मोबाइलची बॅटरी आत धरली. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, कडा जाड, वर आलेल्या. मला एका नजरेत कळलं. पाच महिने एवढी एक नजरच टाकायची होती.

अकोल्याला जखमेचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर आमच्याकडे न बघता कागद वाचत म्हणाले, आधी आला असता तर थोडक्यात भागलं असतं, आता अर्धा जबडा काढावा लागेल. परत येताना गाडीत मी काकांशेजारी बसलो होतो. मेडशी गाव मागे गेलं. शेवटी म्हटलं, "काका, मले सांगाचं न."

ते खिडकीबाहेरची तूर बघत होते. म्हणाले, "तंबाखूची लाज वाटे बावा. जगाले आ करा म्हनलं आन माह्या तोंडात हे. म्हटलं, पोरगा शिकेल हाय, इतल्या बाटल्या नेल्या त इचारीनच." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुह्याकडं बोट नाई दाखवत मी." दाखवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं.

ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं कोणाला समजत नसे. दर रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या चांगल्या गालाची दाढी करायचो. आयुष्यभर गावाच्या दाढ्या केलेला माणूस माझ्या अडाणी हातात मान द्यायचा आणि मी पातं उलटं धरलं की डोळे मोठे करायचा. पहिल्या रविवारी मी त्यांच्यावर वाकलो तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, वर हात आडवा धरला. वास होताच. मी उठलो. त्यांना वाटलं, मी चाललो. मी अंगणात गेलो, दुकानातून घरी आणलेल्या त्यांच्या तांब्यात तुरटी फिरवली आणि दोन चुळा भरल्या, दुसरी जोरात, आत ऐकू जाईल अशी. परत आलो तर त्यांनी तोंडावरचा हात काढला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साबणात मिसळत होतं. मी मान वळवली नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. उन्हाळा लागता लागता ते गेले.

आता माझ्या दुकानात कोणी माऊथवॉश मागितला की मी आधी कशासाठी ते विचारतो. रोज दात घासून, चूळ भरून तोंड स्वच्छ ठेवणाऱ्यांना तो मी आनंदाने देतो. पण वास जात नाही म्हणून मागणाऱ्याला बॅटरी काढून म्हणतो, "आ करा." माणसं चिडतात. परवा एक जण म्हणाला, "बाटली विकाची हाय का नाई तुले?" म्हटलं, "विकाची हाय. पयले आ करा." तोंडात फक्त एक किडकी दाढ होती. त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. जाताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "गजाभाऊ लय काळजी घेते बावा लोकायची."

तो ज्या काचेवर हात ठेवून उभा होता, तिथेच जानरावकाका उभे राहायचे. मी त्यांना पाणी टाकून घ्या म्हणालो होतो.