कागद आला का, दादा?

"कागद आला का, दादा?"

दाराच्या चौकटीला हात टेकवून मावशी पहिल्यांदा हेच विचारायच्या. मी म्हणायचो, "या, बसा तरी." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "बसल्यावर लवकर येतोय व्हय?" आणि त्या उभ्याच राहायच्या. तेही एका जागी नाही. खिडकीपाशी जायच्या, भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला नाक लावून बघायच्या, उगाच पंख्याचं बटण वरखाली करायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे नुसतं बघूनसुद्धा आपल्याला बसवत नाही.

बारामतीत स्टँडच्या मागे माझं छोटं ऑफिस आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज भरायचे, व्हिसाची फाईल लावून द्यायची, हे माझं काम. मावशी पळसदेवच्या. नवरा उजनीच्या पाण्यात जाळी टाकायचा आणि त्या इंदापूरच्या बाजारात मासळी विकायच्या. पाटी रिकामी झाली की लासुर्ण्यावरून येणारी बारामतीची गाडी धरायची आणि थेट माझ्या दारात.

त्यांच्या मुलीला माशांच्या रोगांवर पुढचं शिक्षण घ्यायला इंग्लंडच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीही होती. पण व्हिसासाठी नुसतं प्रवेशाचं पत्र चालत नाही. 'ही मुलगी आमच्याकडे शिकायला येते आहे' अशी नंबर घातलेली शेवटची खात्री विद्यापीठानं द्यावी लागते. ती काही येत नव्हती. मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा मावशींनी मान हलवली. "म्हंजे सुपारी फुटली हाय, पर लग्नाची तारीख न्हाय."

"अगदी तसंच."

"मग आमाला ठावं हाय ते. मधल्या काळातच समदं मोडतं."

त्यांची अस्वस्थता इतरांनाही लागायची. एकदा पिंपळीचे एक गृहस्थ मुलाच्या फाईलसाठी शांतपणे पेपर वाचत बसले होते. मावशींनी त्यांना विचारलं, "तुमच्या पोराचा आला का?" ते म्हणाले, "येईल की दोन-चार दिवसांत." "आन न्हाय आला तर?" गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. थोड्या वेळानं दोघंही नकाशापुढे येरझाऱ्या घालत होते.

मुलगी मात्र शांत होती. फोनवर मलाच समजवायची, "सर, आईचं मनावर घेऊ नका." खरंतर मावशी आल्या नाहीत की त्या दिवशी मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी विद्यापीठाची मेल आली. कागद तयार होता. मुलीनं विद्यापीठाच्या साइटवरच्या स्वतःच्या खात्यातून माहिती तपासून आज संध्याकाळच्या आत होकार द्यायचा होता. नाहीतर तिचं नाव जानेवारीच्या तुकडीत ढकललं जाणार होतं, आणि शिष्यवृत्ती फक्त याच तुकडीला होती. होकार द्यायला लागणारा कोड तिच्या फोनवर येणार, म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं. मी तिला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

तेवढ्यात दारात मावशी. "कागद आला का, दादा?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती बापासंगं जाळी काढाया पान्यात गेलीया. फोन घरात असंल."

मी घड्याळाकडे बघितलं. मावशी पहिल्यांदाच अगदी स्तब्ध उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "जानेवारीत गेली तर न्हाय का चालत?"

"जाता येईल. पण शिष्यवृत्ती नाही मिळणार. म्हणजे जाणं अवघडच."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. गप्प राहिल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. मुलगी पाण्यात होती, फोन घरी होता, बस्स. मग त्यांनी टेबलावरची माझी गाडीची चावी उचलून माझ्या हातात कोंबली.

"चला."

भिगवणच्या रस्त्यानं मोटारसायकल पळवत होतो. मागून त्यांचा आवाज वाऱ्यात तुटत तुटत येत होता. "दादा, खरं सांगू? मी देवाला म्हनत हुते, कागद नगं येऊ दे."

"मग रोज विचारायला कशाला येत होता?"

"ते बी मीच की. तुमच्याकडं यायची, कागद यावा म्हनून. घरी जाताना गाडीत बसलं की जीव घाबरायचा. पोर एवढ्या लांब. हिला काय झालं तर मी कुठल्या गाडीनं जाऊ?"

मी गाडी आणखी पळवली.

पळसदेवला घरातून फोन घेतला आणि काठावर गेलो. पाणी लांबवर चमकत होतं आणि त्यावर त्यांची होडी ठिपक्याएवढी. मावशींनी हाका मारल्या, पण वारा उलटा होता. तेव्हा त्यांनी साडी वर खोचली, शेजाऱ्याची बांधलेली होडी सोडली आणि वल्हं हातात घेतलं. "मावशी, कुणाला तरी बोलवू," मी म्हणेपर्यंत त्या काठापासून सुटल्याही होत्या. एवढ्या मोठ्या पाण्यात त्या एकट्या वल्हवत निघाल्या, आणि मी काठावर मुलीचा फोन हातात घेऊन नुसता येरझाऱ्या घालत होतो.

परत आल्या तेव्हा मुलगी पुढं बसली होती. कपडे भिजलेले, हाताला मासळीचा वास. काठावर इंटरनेट चालत नव्हतं, म्हणून रेंजसाठी आम्ही हायवेकडच्या चढावर पळालो. तिनं नाव, जन्मतारीख, विषय एकेक तपासलं आणि होकार पाठवला. ऊन अजून होतं. मावशी मागून धापा टाकत आल्या. "झालं?"

"झालं, आई."

त्यांनी लेकीच्या तोंडावरचं पाणी पदरानं पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. तोंड तर कधीच कोरडं झालं होतं.

कागद दुसऱ्या दिवशी आला. मी त्याची छापील प्रत काढून मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. "एवढाच?" म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या.

व्हिसा झाला, मुलगी गेली. त्यानंतर मावशी एकदाच आल्या. भर दुपार होती. काम काहीच नव्हतं. थोडा वेळ घुटमळल्या आणि विचारलं, "दादा, आत्ता तिच्याकडं किती वाजलं असत्याल?"

"सकाळ आहे तिकडं. आत्ता कुठं उजाडत असेल."

"म्हंजे आजून उठायचीच असंल."

त्या परत निघाल्या. जाताना त्यांनी दार ओढलं की कडीचा नेहमी मोठा आवाज व्हायचा. त्या दिवशी मावशींनी ती दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू, आवाज न करता दार ओढून घेतलं.