सर्वांत मोठी वडी

"खरं बोलणाऱ्याला भीती कसली?" हनुवटीखाली बोट घालून पोराचं तोंड वर करत बाई विचारायच्या. मांडवीतल्या आमच्या शाळेत चौथीचा एक वर्ग त्यांचा, शेजारचा माझा. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील: कधी रजा न घेणाऱ्या, वह्या वेळेवर तपासणाऱ्या आणि स्वतःबद्दल तिळमात्र शंका नसलेल्या.

दोन ऑक्टोबर शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. भाषणं, चरखा, पुठ्ठ्याचा चष्मा यांचा त्यांना कंटाळा. हार घातलेल्या फोटोसमोर, पालकांदेखत, प्रत्येकाने आपली एक खरी गोष्ट सांगायची आणि बाईंच्या हातची सुखडी, म्हणजे गूळपापडीची वडी, घ्यायची. गोष्ट जितकी मोठी, तितकी वडी मोठी. पोरंही बिलंदर. वडीवर डोळा ठेवून न केलेल्या चोऱ्यासुद्धा कबूल करायची.

त्या वर्षी वासण्याहून येणारी एक मुलगी अडखळली. बाईंनी तिची हनुवटी उचलली.

"बोल बेटा."

"पप्पा टाकीमागे बाटली ठेवतात. रोज पितात."

आमच्या दारूबंदीच्या गुजरातेत ही गोष्ट घरातसुद्धा कुजबुजत बोलतात. मागून कुणी तरी "दारूडियो!" म्हणालं आणि सगळा हॉल हसला. मीही हसले, हे सांगून टाकते. बाईंचे डोळे मात्र भरून आले होते. त्यांनी तिला सर्वांत मोठी वडी दिली.

पालकांपैकीच कुणी तरी फोन केला असावा. संध्याकाळी पोलीस टाकीपाशी पोचले आणि वडिलांना घेऊन गेले. पुढे वडिलांची कारखान्यातली नोकरीही गेली.

"तुम्ही तिला थांबवायला हवं होतं," मी बाईंना म्हटलं.

"मग काय खोटं शिकवू?" वह्यांतून मान वर न करता त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला.

बाई आता निवृत्त होऊन कारेलीबागेत राहतात. लोक आदराने नाव घेतात. मला मात्र बाई त्या मुलीच्या दाखल्याच्या दिवशीच्याच दिसतात.

मुलीची आई तिला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती; दाखल्यांचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. दोघी कायमच्या गावी निघाल्या होत्या. मुलीने बाईंच्या टेबलाची कड घट्ट धरली.

"बाई, मी तेव्हा खोटं बोलले. पप्पा पीत नाहीत. तुम्ही पोलिसांना सांगा ना."

"सांगा ना, बाई," आईही म्हणाली.

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता जवळ घेतील. दाखल्यावरचा शेरा वर्गशिक्षिकेने लिहायचा असतो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'वर्तणूक' या शब्दापुढे वळणदार अक्षरात लिहिलं: 'खोटे बोलते.'

शिक्का मी मारला.