हलू नकोस!

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे सीटी स्कॅन स्वच्छ दिसावेत म्हणून सॉफ्टवेअर लिहिणं, हा माझा इथे अमेरिकेतला पोटापाण्याचा धंदा. पेशंट जरा हलला की चित्रात फराटे उठतात, आणि मग आमची अख्खी टीम ते पुसत बसते.

त्यामुळे नेपरव्हिलला आमच्याकडे राहायला आलेल्या आईला चक्कर आली आणि नेमका तिचाच स्कॅन धूसर निघाला, तेव्हा मी जाम चिडले.

"आई, हलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी कुठे हलले? ते स्कॅनसाठी टोचलेलं औषध नसेतून गेलं तसं अंग गरम झालं. तेवढ्यात ती स्कॅन करणारी पोर मशिनमधून विचारते, 'ओके?' कुणी इतकं मायेनं विचारल्यावर मान तरी डोलवायला नको?"

यावर आमच्या टीमकडे काही उपाय नाही.

"आता कुणी काहीही विचारो, ढिम्म हलायचं नाही," असा दम भरून मी तिला परत आत धाडलं. दुसरा स्कॅन दृष्ट लागण्यासारखा निघाला. बारीकातली बारीक रक्तवाहिनीसुद्धा लख्ख.

थोड्या वेळानं डॉक्टर हसत आले. सगळं नॉर्मल होतं. "आता बरं वाटतंय ना?" त्यांनी आईला विचारलं. आई भिंतीकडे बघत बसलेली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिची पापणीही लवेना. डॉक्टरांचं हसू मावळलं आणि खिशातला टॉर्च बाहेर आला.

"अगं आई, हल आता!" मी ओरडले.

तेव्हा कुठे आईनं इतका वेळ रोखून धरलेली मान मनसोक्त डोलावली.