खडूच्या खुणा

मी एकदा बारा चाकं साबण लावून धुतली आणि नवऱ्याची नोकरी जवळजवळ त्याच पाण्यात वाहून घालवली. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. आता नातवंडांना शहाणपण शिकवते, म्हणून हे त्यांना सांगत नाही.

सौदीतल्या हफ्र अल बातिनला थंडी पडली की लोक वाळवंटात तंबू ठोकायला निघतात. गाडीची रोजची चाकं उतरवून वाळूची रुंद चाकं चढवायची, उन्हाळ्यात पुन्हा अदलाबदल. आमचे हे त्या कामाचे फोरमन. उतरवलेली चाकं वर्कशॉपमागच्या आमच्या खोल्यांना लागून शेडमध्ये राहत. रोजच्या चाकांत हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतात, आणि गाडी फक्त स्वतःच्या चार सेन्सरांना ओळखते. म्हणून हे प्रत्येक टायरवर खडूनं लिहून ठेवत: कुणाची गाडी, कोणता कोपरा. तेही मराठीत.

मराठीत का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक. सौदीकरण सुरू झालं होतं, परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं. कफीलनं, म्हणजे आमच्या मालकानं, एक सौदी कारागीर ठेवला होता, तिशीतला, दोन मुलांचा बाप, आणि ह्यांना म्हणाला होता, याला सगळं शिकव. शिकवून झालं की आपला इकामा, इथे राहायचा परवाना, वाढणार नाही, या धास्तीनं ह्यांची झोप उडाली होती. ती खडूची अक्षरं म्हणजे ह्यांचा विमा.

त्या विम्यावर मी पाइप सोडला. शेडमधली धूळ बघवेना. चाकं घासली, पुसली, एकावर एक रचली, वर स्वतःचं कौतुकही केलं.

उन्हाळ्यात तीन गाड्यांना ती चाकं अंदाजानंच चढली आणि दाबाचा दिवा पेटून तिन्ही परत आल्या. थंडीत दाबाचा दिवा पेटला तरी कुणी बघत नाही, वाळूत हवा मुद्दाम कमीच ठेवतात. पण तापलेल्या हायवेवर तो दिवा विझायलाच हवा. कफील शेडमध्ये उभा राहून विचारत होता, गोंधळ कुणी घातला. बघत होता नव्या माणसाकडे. आणि आमचे हे गप्प. इतके गप्प, की मला त्यांची लाज वाटली आणि स्वतःची जास्त.

मी पदर सावरून पुढे झाले. माझं अरबी भाजीबाजारापुरतं. "अना," मी म्हणाले, छातीवर हात ठेवून, "साबून." मग मराठी अक्षरांचंही सांगून टाकलं, हातवारे करत.

कफील निघून गेला. नव्या माणसानं हातातलं यंत्र गाडीला जोडलं, तिच्या आठवणीतले चार सेन्सरांचे नंबर काढले आणि एकेका चाकाजवळ नेऊन जुळवत बसला. यंत्र त्याला छान यायचं. टायर रिमवरून सोडवताना मात्र त्याच्या हातून सेन्सर मोडायचा. तो न मोडता टायर कसा सोडवायचा, ते ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मन लावून दाखवलं. दुपारपर्यंत तिन्ही दिवे विझले.

आठवड्याभरानं तो शेडमध्ये चढवायच्या राहिलेल्या चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं गाडीचा नंबर आणि ठिपके देत होता. पुढचं डावं एक, पुढचं उजवं दोन, असे. मला बघून ब्रश खाली ठेवला आणि कामगारांकडून उचललेल्या हिंदीत म्हणाला,

"खाला, अब जितना धोना है धो. ये रंग नहीं जाता. और ठंडी में तुम्हारा आदमी इधर ही है, मैं कफील को बोल दिया, इसके बिना मैं टायर नहीं खोलता."