‘सर्वांनी’ या शब्दाचा अर्थ

दादासाहेबांनी रुमाल काढला आणि मी तोंड लावलेली प्याल्याची कड पुसली. एकदा. दोनदा. मग आत डोकावून पाहिलं, आणि उरलेला द्राक्षारस दाराबाहेर मातीत ओतून दिला. भरल्या ख्रिस्ती देवळादेखत. माझी आई मागच्या सतरंजीवर गुडघे टेकून आपल्या पाळीची वाट बघत होती.

चूक माझीच. चुका करण्यात माझा हात धरणारा त्या काळी अख्ख्या दापोडीत कोणी नव्हता.

आम्ही चाकणकडचे महार. आजानं बाप्तिस्मा घेतला. मी पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेलो, अंगात इस्त्रीची विजार, डोक्यात हवा. दादासाहेब मंडळीचे वडील, म्हणजे देवळाचे कारभारी. ख्रिस्ती होताना त्यांच्या आजोबांनी जानवं पवनेत सोडलं म्हणतात. पवनेनं ते परत आणून दिलं असावं.

शास्त्राचा वर्ग तेच घ्यायचे. त्यांनीच शिकवलं, की एके काळी युरोपात प्रभुभोजनाला भाकर सगळ्यांना, द्राक्षारसाचा प्याला मात्र फक्त धर्मगुरूंना. मग सुधारक उठले. म्हणाले, प्याला सर्वांचा. त्यापायी माणसं जिवंत जाळली गेली. मी हे इतकं घडाघडा म्हणून दाखवलं की दादासाहेब खूश झाले. "शाब्बास. तुला कळलं."

तिथंच घात झाला. मला कळलं.

प्रभुभोजनाच्या दिवशी आमचे धर्मगुरू पाळकसाहेब म्हणाले, सर्वांनी पुढं यावं. आमच्याकडं ‘सर्वांनी’ म्हणजे आधी बाकावरच्यांनी. ते पिऊन झाले की सतरंजीवरच्यांनी. हे कुणी शिकवत नाही, जन्मतःच येतं. मी पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिलो. पाळकसाहेब अडखळले, पण प्याला दिला. माझ्यामागं दादासाहेबांची सून होती.

पुढचं वर सांगितलंच.

घरी परतत रेल्वेचे रूळ ओलांडताना आई एवढंच बोलली, "तू प्यालास, लेकरा. माझ्या वाटंचं सांडलं."

पुढच्या रविवारी दादासाहेबांनी मला मंडळीपुढं उभं केलं. "चुकलो म्हण. नाहीतर प्याला तुला नाही, तुझ्या आईलाही नाही."

मी म्हणालो, "चुकलो, दादासाहेब. तुम्ही शिकवलेलं खरं मानलं."

सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकांवर कुणी नाही.

"नीट म्हण."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

आईला प्याला पुन्हा मिळाला. सगळ्यात शेवटी. त्यासाठी तिनं माझ्या वतीनं दादासाहेबांच्या ओट्याखाली उभं राहून पदर पसरला होता. ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिला काय बोलणार. सांडलं तिचं होतं.

मी त्या देवळाची पायरी परत चढलो नाही. चहाचा कप असो की देवाचा प्याला, आता कुणी पुढं केला तर मला आधी दिला का, हे मी बघत नाही. माझ्यानंतर याच कडेला तोंड कोण लावणार, एवढं विचारतो. जबाब मिळेपर्यंत माझे ओठ मिटलेले असतात.