चंदनाचे शेजारी

माझे बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झाले, त्याच आठवड्यात त्यांनी घरामागच्या परसात दोरी लावली. आदिलाबादेतलं आमचं घर लहान, पण मागं पाच-सहा झाडं मावतील एवढी मोकळी जागा आहे. बाबांनी तिथं वाफे आखले, प्रत्येक झाडाला चौकोनी आळं केलं आणि दोन झाडांत किती अंतर हवं ते फूटपट्टीनं ठरवलं. नोकरीभर लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवल्या होत्या, तीच सवय. आई म्हणायची, यांच्यासमोर मिरच्यासुद्धा रांगेतच लागतात.

चंदन लावायची त्यांना जुनी हौस होती. नर्सरीतून रोप आणलं आणि परसातली सगळ्यात चांगली जागा त्याला दिली. रोज सकाळी खुरपं घेऊन बसायचे आणि त्या आळ्यात गवताची काडी दिसू द्यायचे नाहीत. चहा मागाहून, निंदण आधी. सात-आठ महिने रोप छान वाढलं. मग पानं पिवळी पडली आणि ते शेंड्याकडून वाळत गेलं. दुसरं रोप आणलं, माती बदलली, तेही तसंच गेलं. तिसऱ्याला वाळवीचं औषध, शेणखत, उन्हाळ्यात तरटाची सावली, सगळं केलं. ते वाळलं तेव्हा बाबा दोन दिवस परसाकडं फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण झाडांतलं मला काहीच कळत नव्हतं.

मी बँकेत नोकरी करते. नोव्हेंबरात आमच्याकडं पेन्शनवाल्यांची गर्दी असते, हयातीचा दाखला द्यायला सगळे येतात. त्या वर्षी बाजारहत्नूरकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. जंगलखात्यात वॉचर होते. कामानं त्यांच्या अंगठ्याच्या रेघा इतक्या झिजल्या होत्या, की मशीन त्यांना काही ओळखेना. मी त्यांना खुर्ची दिली, हात कोमट पाण्यानं धुवायला लावले आणि थोड्या वेळानं पुन्हा पाहू म्हटलं. जंगलातला माणूस समोर बसलाय म्हणून वेळ घालवायला बाबांच्या चंदनाची गोष्ट सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याच्या बाजूले काय लावलं?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं, की काही नाही, बाबा गवतसुद्धा उगवू देत नाहीत.

म्हातारबाबा हसायला लागले. "मंग तो जगन कसा बाई? त्याले शेजार लागते."

त्यानंतर त्यांचा अंगठा लागला, मशीननं ते हयात असल्याचं कबूल केलं आणि ते उठले. जाताना म्हणाले, हे सांगून समजायचं नाही, रविवारी तुमच्या वडिलांना घेऊन या.

बाबा आधी तयार होईनात. चाळीस वर्षं जमिनीवर फिरलेल्या माणसाला वॉचर काय सांगणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण रविवारी मी उठले तर ते खिशाला पेन लावून, बूट घालून ओट्यावर बसलेले. मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहिल्याशिवाय मत देऊ नये, म्हणाले.

बसनं बाजारहत्नूरला उतरलो. म्हातारबाबा स्टँडवर वाटच पाहत होते. फुटलेल्या कापसाच्या शेतांमधून पाऊण तास चालल्यावर जंगल लागलं. सागाची पानं किड्यांनी खाऊन त्यांची पार जाळी केली होती आणि त्यातून ऊन खाली सांडत होतं. बाबांनी लगेच रोग पडलाय म्हणून सांगितलं. म्हातारबाबांनी मान हलवली. दरसाल असंच होतं, म्हणाले. किडे पानं खातात, पाखरं किडे खातात, खालच्या गवताला ऊन मिळतं आणि साग पुढच्या पावसात पुन्हा पानं काढतो.

थोडं पुढं एका मोकळ्या जागी कमरेएवढी तेंदूची झाडं होती. म्हातारबाबांनी बाबांना ती मोजायला सांगितली. मोजायचं म्हटल्यावर बाबा खुलले. शेतातली झाडं मोजून पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, लिहिणं हे त्यांचं रोजचंच काम होतं. त्यांनी एकेका झाडाला बोट लावत फेरी मारली आणि सतरा म्हणून सांगितलं.

"एक," म्हातारबाबा म्हणाले.

बाबांना वाटलं, थट्टा करतोय. मग म्हातारबाबांनी दोन झाडांच्या मधला पाचोळा काठीनं बाजूला केला, बोटांनी माती उकरली. आत मनगटाएवढी मुळी आडवी गेली होती. त्याच मुळीतून हे झाडही उठलं होतं आणि तेही. पलीकडचीही तशीच, म्हणाले, सगळ्यांची आई एकच.

बाबा उकिडवे बसले आणि त्या मुळीवरून बोट फिरवत पुढच्या झाडापर्यंत गेले. "मी नोकरीत अशी किती झाडं जास्तीची लिहिली असतील?" त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, आणि स्वतःच हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहत होते.

चंदन एका नाल्याच्या काठावर होतं. एकटं नव्हतंच ते. एका बाजूला धावडा, दुसऱ्या बाजूला तेंदू, बुडाशी बोराटी आणि गवताची नुसती दाटी. आमच्या परसात बाबांनी यातलं एकही शिल्लक ठेवलं नसतं. पावसाच्या पाण्यानं काठाची माती वाहून गेली होती आणि मुळ्या उघड्या पडल्या होत्या. म्हातारबाबांनी त्यातली एक बारीक मुळी हलकेच उचलून दाखवली. चंदनाची मुळी तेंदूच्या मुळीला जिथं भेटली होती, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी पांढुरकी गाठ घट्ट चिकटली होती. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ मातीला लावलं. पुढं अशीच गाठ गवताच्या मुळीला होती, त्यापुढं बोराटीला. पान स्वतःचं, अन्न स्वतः शिजवतो, म्हातारबाबा सांगत होते, पण पाणी अन् मातीतला कस शेजाऱ्याकडून ओढतो. लहानपणी बीमधल्या शिदोरीवर काही महिने निघतात, ती संपली की शेजार नसेल तर गेला.

"म्हणजे चोरीच की," बाबा म्हणाले.

"चोरी म्हना नाहीतं उसनं म्हना साहेब. एवढी वर्सं जंगलात होतो, माह्याकडं कोनी तक्रार घेऊन आलं नाही."

तेंदू खरंच हिरवागार होता. वर चंदनाला काळी फळं धरली होती आणि दोन बुलबुल आमची पर्वा न करता ती खात होते. बी तेच लांब नेऊन टाकतात, असं म्हातारबाबांनी सांगितलं. मग त्यांच्या घरी ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या शेंगांची उसळ खाल्ली. बाबा एरवी परक्या घरी संकोचतात, त्या दिवशी त्यांनी उसळ दोनदा मागून घेतली.

येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. मधेच म्हणाले, "मीच मारली तीन रोपं. खुरप्यानं."

मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाले, की चौथं लावू, आणि त्याच्या शेजाराला तूर कुठं पेरायची ते आईला ठरवू देऊ.

चौथं रोप पावसाळ्याच्या तोंडाला आणलं. आईनं त्याच्याभोवती तूर फेकून पेरली, दोरी न लावता. शेजारी करंज लावला, पलीकडं कढीपत्त्याचा गोडलिंब होताच. बाबांचे हात शिवशिवायचे. पहिला महिनाभर ते खुरपं घेऊन जायचे, गवताकडं बघायचे आणि परत यायचे. वर्ष सरलं तरी रोप पिवळं पडलं नाही, उलट गोडलिंबाच्या वर गेलं. परस मात्र पार रानटी झालं. त्यात सरडे आले, मुनिया आल्या, एका सकाळी मुंगूस दिसलं. बाबा प्रत्येकाची बातमी मला बँकेत फोन करून द्यायचे, आणि मी गिऱ्हाइकासमोर हसू दाबत ऐकायची.

चार वर्षांनी, यंदा, झाडाला फळं धरली. बुलबुलांना पहिल्याच दिवशी पत्ता लागला. महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीपलीकडच्या तेलुगू अक्कांनी आईला हाक मारली. त्यांच्या जांबाच्या झाडाखाली कसलंसं रोप उगवलंय, उपटून टाकू का, असं विचारत होत्या. बाबांनी ते ऐकलं आणि चप्पल न घालताच धावत गेले. रोप पाहून त्यांनी आधी अक्कांच्या हातातलं खुरपं मागून घेतलं, आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत त्यांना मुळ्यांची सगळी गोष्ट सांगायला बसले. आईनं चहा भिंतीवरूनच दिला, दोघांनाही.